आधी हक्क, मग हिशेब

शिक्षकावर देखरेख कशी करावी हा प्रश्न आपल्याकडे प्रशासनाचा समजला जातो. तो इस्लामी दृष्टिकोनातून पाहायचा म्हटले की वाचकाच्या मनात दोन अपेक्षा तयार होतात. एक म्हणजे उस्तादाच्या थोरवीचे दाखले एकामागून एक येतील. दुसरी म्हणजे शाळेत धार्मिक वातावरण कसे राखावे याचे नियम सांगितले जातील. या पुस्तकाचा विषय या दोन्हींहून वेगळा आहे, म्हणूनच त्याला लांब प्रस्तावना लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : इस्लामी परंपरेत ज्याच्या हाती देखरेख आहे तो आधी स्वतः बांधलेला असतो. शिक्षकाचा मोबदला, त्याची प्रतिष्ठा आणि शिकवण्यासाठी लागणारी मदत ही देखरेख करणाऱ्याची देणी आहेत. ती चुकती केल्यावरच हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळतो. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुंब्रा या पट्ट्यातल्या मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थांत आज पुष्कळदा हा क्रम उलटलेला दिसतो. हिशेब रोज मागितला जातो आणि हक्क पुढच्या महिन्यावर ढकलला जातो.

हा पट्टा या चर्चेसाठी मुद्दाम निवडला आहे, कारण शिक्षकावर देखरेख करणाऱ्यांचे जितके प्रकार इथे एकत्र नांदतात तितके क्वचितच कुठे सापडतील. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. दोन्हींच्या मराठी शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत आणि तिथला शिक्षक मुख्याध्यापकापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंतच्या साखळीला उत्तरे देतो. भिवंडीत १९२७ साली स्थापन झालेली कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी आणि तिचे रईस हायस्कूल यांना जवळपास शतकाची परंपरा आहे. तिथला शिक्षक संस्थेलाही बांधील आहे आणि शासनालाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर असंख्य कुटुंबे मुंब्रा-कौशात येऊन राहिली. त्यांच्या मुलांसाठी इमारतींच्या तळमजल्यांवर, दोन-तीन खोल्यांत ज्या विनाअनुदानित शाळा उभ्या राहिल्या, तिथे संस्थाचालक हाच एकमेव वरिष्ठ. आणि या सगळ्यांच्या जोडीला मशिदीला लागून चालणारे मकतब आहे, जिथे दिवसा शाळेत जाणारी मुले सकाळी किंवा मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, आणि नाझरा, म्हणजे पाहून कुरआनवाचन, शिकतात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले होते की शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्के मुले पूर्णवेळ मदरशात जातात. समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणजे मदरशांचा प्रश्न, हा समज त्या आकड्याने खोटा ठरवला. आपली मुले बहुतेक साध्या शाळेत असतात आणि दिवसाचा एखादा तास मकतबमध्ये. त्या दोन्ही ठिकाणी शिकवणाऱ्या माणसाची काळजी कोण घेतो, हे विचारले पाहिजे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न अधिकच नेमका होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यावर बंदी घातली, शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याची व्यवस्था केली, जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण वगळता त्यांना शाळाबाह्य कामाला जुंपू नये असे म्हटले. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याबाहेर ठेवल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळाही बाहेर गेल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षे उरली आहेत अशा शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायला सांगितले. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होतो का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी नियमन कायद्याने मान्यताप्राप्त शाळेतल्या शिक्षकाला चौकशीचा आणि शालेय न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. मकतबच्या मौलवीसाहेबांना यातले काहीच नाही. मुतवल्लीच्या, म्हणजे मशिदीच्या व्यवस्थापकाच्या, एका शब्दावर त्यांची खोली आणि रोजी दोन्ही जाऊ शकतात. म्हणजे राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याक समाजाला आपल्या संस्था चालवण्याचा जो अधिकार दिला, त्याच्याबरोबर बरीच मोकळी जागाही आली. ती जागा न्यायाने भरायची की मर्जीने, हे संस्थाचालकांनी ठरवायचे आहे. इस्लामी दृष्टिकोनाची गरज इथे पडते, कारण जिथे सरकारी निरीक्षक पोहोचत नाही तिथे विश्वस्तांना बांधणारी दुसरी एखादी गोष्ट असलीच पाहिजे, आणि हे विश्वस्त स्वतःला धर्माने बांधलेले मानतात.

त्या बांधिलकीचा पाया प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका सर्वपरिचित शिकवणीत आहे. प्रत्येक माणूस कुणाचा तरी राखणदार आहे आणि ज्यांना त्याच्या हवाली केले त्यांच्याबद्दल त्याला विचारले जाईल, असे ते सांगतात; बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. शाळांच्या कार्यक्रमांत ती शिक्षकाला ऐकवली जाते : मुले तुझ्या हवाली आहेत, तुला जाब द्यायचा आहे. हे खरेच आहे. पण हदीस तिथे थांबत नाही. ती राज्यकर्त्यापासून घरातल्या नोकरापर्यंत प्रत्येक पायरीवरच्या माणसाला लागू केलेली आहे. मग मुख्याध्यापकाच्या हवाली शिक्षक आहेत, विश्वस्तांच्या हवाली मुख्याध्यापक आहे, आणि आखिरतमध्ये, म्हणजे परलोकात, शिक्षकाला मुलांबद्दल विचारले जाईल तसेच विश्वस्तांना शिक्षकाबद्दल विचारले जाईल. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही इब्न माजाच्या संग्रहातली शिकवण याच साखळीतली आहे. जूनचा पगार ऑगस्टमध्ये देणारी, एका रकमेवर सही घेऊन हातात दुसरीच रक्कम ठेवणारी संस्था शिक्षकाची टाचण वही तपासायला बसते, तेव्हा ती आपली पायरी विसरून त्याच्या पायरीचा हिशेब मागत असते.

शिक्षकाच्या मोबदल्याबद्दल फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या कायदेपद्धतीत, जो वाद झाला तो आपल्या जिल्ह्याला फार जवळचा आहे. कल्याण, भिवंडी, ठाणे येथील जुने कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. यंत्रमागांच्या निमित्ताने उत्तर प्रदेशातून आणि मालेगावहून आलेले मोमीन-अन्सारी विणकर हनफी. एकाच गल्लीत दोन्ही मशिदी असतात. शाफई विद्वानांनी कुरआन शिकवण्याचा मोबदला सुरुवातीपासून वैध मानला. बुखारीतील एका हदीसमध्ये अल्लाहच्या ग्रंथाबद्दल घेतलेला मोबदला सर्वांत रास्त म्हटला आहे, तो त्यांचा आधार. सुरुवातीच्या हनफी विद्वानांनी मात्र तो नाकारला होता, कारण उपासनेची किंमत घेऊ नये. पुढे हनफींनीच मत बदलले. बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या ‘हिदाया’ या ग्रंथात मोबदला घेण्याच्या बाजूने फतवा असल्याची नोंद आहे. कारण असे की पूर्वी बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, शिक्षकांना वर्षासन मिळत असे. ते बंद पडल्यावर विनामूल्य शिकवण्याचा आग्रह धरला तर शिकवणारेच उरणार नाहीत आणि कुरआनची विद्या नष्ट होईल. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. धर्मशास्त्राच्या जाणकारांनी शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न बाजूला सारला नाही. त्या प्रश्नामुळे त्यांनी आपल्या आचार्यांचे मत बदलले. आज एखादा विश्वस्त म्हणत असेल की दीनचे (धर्माचे) काम आहे, पैशाचे काय बोलता, तर तो शाफईंच्या बाजूनेही बोलत नसतो आणि नंतरच्या हनफींच्याही नाही.

दुसरा दाखला याहून जुना आहे. इ. स. ६२४ मधील बद्रच्या लढाईनंतर ज्या मक्कावासी कैद्यांना खंडणी देणे शक्य नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील प्रत्येकी दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरल्याची नोंद इतिहासकार इब्न साद यांनी केली आहे. हे शिक्षक मुसलमान नव्हते, कालपर्यंत रणांगणावर शत्रू होते. तरी दहा मुलांची अक्षरओळख ही एका माणसाच्या स्वातंत्र्याच्या किमतीची मानली गेली. मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मुस्लिम संस्थांमध्ये मराठी, गणित, विज्ञान शिकवणारे हिंदू आणि बौद्ध शिक्षक आहेत. या पुस्तकातले विवेचन त्यांना लागू होते की नाही, अशी शंका घेतली जाते. बद्रनंतरचा तो निर्णय पाहिला की शंकेला जागा राहत नाही. शिक्षकाचा हक्क शिकवण्याच्या कामातून निर्माण होतो, त्याच्या श्रद्धेतून नाही.

आणि हा क्रम फक्त इस्लामी परंपरेला सुचला असेही नाही. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. निरीक्षक परीक्षा घेई, किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पैसे ठरत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात, गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण वाढवायला ही पद्धत निरुपयोगी आहे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये पगार द्यावा, तो प्रशिक्षित असावा, अशी मागणी आहे. मग देखरेखीचा मुद्दा येतो : डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही, तपासणी दर तीन महिन्यांनी तरी व्हावी, आणि अधूनमधून न कळवताही शाळेला भेट द्यावी. पगार, प्रशिक्षण आणि कडक तपासणी या तिन्ही गोष्टी फुल्यांना एकत्र हव्या होत्या. याच आयोगापुढे बद्रुद्दीन तय्यबजी यांनीही साक्ष दिली. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे ते एक संस्थापक. आयोगाने पुढे मुस्लिम मुलांच्या प्राथमिक शाळांच्या तपासणीसाठी मुस्लिम निरीक्षक अधिक प्रमाणात नेमावेत अशी शिफारस केली. तिच्यामागचे तत्त्व आजही लागू आहे. ज्याला उर्दू वाचता येत नाही असा अधिकारी उर्दूच्या वर्गात मागच्या बाकावर बसला, तर तो हजेरीपट, भिंतीवरचे तक्ते आणि पोषण आहाराची नोंद एवढेच तपासू शकतो. मूल अडखळत वाचते आहे की पाठ केलेले म्हणते आहे, हे त्याला कळत नाही, आणि म्हणून शिक्षकाला तो काही मदतही करू शकत नाही.

आता देखरेखीकडे वळतो. ती नसावी असे इस्लामी परंपरा कुठेही म्हणत नाही. अकराव्या शतकातले अल-मावर्दी मुहतसिबाच्या, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामात वैद्य आणि शिक्षक यांचा एकत्र उल्लेख करतात. दोघांचे काम नीट झाले की उणे पडले हे पाहिले पाहिजे, कारण वैद्याच्या चुकीने जीव जातो आणि शिक्षकाच्या हातून मुलाला जी वळणे लागतात ती मोठेपणी सुटत नाहीत. त्याही आधी, नवव्या शतकात कैरवानच्या इब्न सहनून यांनी शिक्षकांच्या आचारावर पुस्तक लिहिले. शिक्षेची मर्यादा, फी, पालकांकडून घेतलेल्या भेटी, मुलांना आपल्या खासगी कामाला लावणे, असे अगदी रोजच्या व्यवहारातले प्रश्न त्यात आहेत. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांना शिक्षक चुकू शकतो हे मान्य होते. म्हणून उस्तादाचा अदब पुढे करून तक्रार दाबणारे लोक परंपरेचे नाव घेत असले तरी परंपरा त्यांच्या मागे उभी नाही. मकतबमध्ये मुलाला छडीने फोडले आणि बापाने विचारले, तर त्याला बेअदब ठरवले जाते. हा बाप नेमका मुहतसिबाचे काम करत असतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाशी क्रूरतेने वागणे हा गुन्हा ठरवला आहे आणि त्यातून मकतब सुटलेले नाही.

देखरेख कशी करावी याचा सर्वांत बोलका दाखला कूफा शहराचा आहे. तिथल्या लोकांनी खलिफा उमर यांच्याकडे आपले सुभेदार साद इब्न अबी वक्कास यांची तक्रार केली, अगदी त्यांना नमाजही नीट पढवता येत नाही इथपर्यंत. साद मोठे सहाबी, म्हणजे प्रेषितांचे सहकारी, पण म्हणून उमर यांनी तक्रार फेटाळली नाही. त्यांना पदावरून बाजूला केले, समोर बोलावून विचारले, त्यांचे उत्तर ऐकून घेतले. मग माणसे कूफ्याला पाठवली, सादना बरोबर घेऊन. मशिदीमागून मशीद उघड चौकशी झाली. बहुतेकांनी त्यांच्याबद्दल चांगलेच सांगितले, एकाने आरोप केले, तेही सर्वांसमोर. पुढे मृत्युशय्येवर उमर यांनी खलिफा निवडणाऱ्या सहा जणांत सादचे नाव घातले आणि सांगितले की मी त्यांना अकार्यक्षमता किंवा बेइमानी यासाठी काढले नव्हते. चौकशीची पद्धत म्हणून यात बरेच काही आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती समजते. साक्षी घेण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले जाते. साक्षी त्याच्या देखत घेतल्या जातात. आणि दोष सिद्ध झाला नाही तर त्याचे नाव जाहीरपणे स्वच्छ केले जाते. आपल्या संस्थांत हा शेवटचा भाग जवळपास कधीच होत नाही. व्हॉट्सॲपवरच्या एका निनावी संदेशावरून शिक्षिकेला ऑफिसात बोलावले जाते, आरोप खोटा निघतो, विषय संपला असे सांगितले जाते; पण स्टाफरूममध्ये आणि मोहल्ल्यात तो संपत नाही.

तक्रार नसतानाच्या, रोजच्या सुधारणेची रीत निराळी आहे, आणि माझ्या मते तिच्यावर सर्वांत जास्त भर द्यायला हवा. मुआविया इब्न अल-हकम नावाचे एक सहाबी नवे मुसलमान असताना नमाज चालू असताना बोलले. शेजाऱ्यांनी डोळे वटारले, मांड्यांवर हात मारून गप्प केले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी त्यांना ना झिडकारले ना मारले; नमाजमध्ये काय म्हणावे ते समजावले. त्याआधी आणि त्यानंतर याहून चांगला शिक्षक मी पाहिला नाही, अशी साक्ष मुआवियांनीच दिली, ती सहीह मुस्लिममध्ये आहे. शिक्षकांच्या मेळाव्यात हा प्रसंग विद्यार्थ्यांशी कसे वागावे म्हणून सांगितला जातो. तो मुख्याध्यापकांच्या बैठकीतही सांगायला हवा. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या’ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगताना चूक दाखवायची तर सूचकपणे, ममतेने दाखवावी, उघड फटकारल्याने माणूस निर्ढावतो, असे मांडले आहे. इब्न खल्दून (१३३२–१४०६) त्याच्या पुढे जातात. मुलांवर सक्ती केली की ती खोटे बोलायला आणि वरवरचे वागायला शिकतात, आणि जुलमाखाली राहणाऱ्या समाजांचेही हेच होते, असे ते ‘मुकद्दिमा’ मध्ये म्हणतात. मुलांपासून समाजापर्यंत जाणारा हा विचार मधल्या पायरीवरच्या शिक्षकालाही लागू होतो. ज्या शाळेत तपासणी म्हणजे भीती, तिथे टाचण वही सुवाच्य असते, शैक्षणिक साहित्य तपासणीच्या दिवशी कपाटातून बाहेर येते, आणि ज्या मुलाला भागाकार येत नाही त्याचे नाव कुणीच घेत नाही, कारण त्याचे नाव घेणे म्हणजे स्वतःवर शेरा ओढवून घेणे. मग चूक दिसेनाशी होते आणि देखरेखीचा हेतूच हरतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुरक्षिततेचा, आणि तो या जिल्ह्यात कुणालाही हलक्याने घेता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. कुरआनच्या ४९ व्या अध्यायात संशय आणि हेरगिरी यांची मनाई आहे. मग कॅमेऱ्याचे काय? याचे उत्तर मावर्दींनीच देऊन ठेवले आहे. लोकांचे झाकलेले दोष उकरून काढण्याचा अधिकार ते मुहतसिबाला देत नाहीत. मात्र विश्वासू माणसाने खबर दिली की कुणाच्या जिवावर किंवा अब्रूवर घाला येतो आहे, आणि वेळ गेली तर झालेली हानी भरून येणार नाही, तर आत शिरून शोध घ्यायला ते मुभा देतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी व्हरांड्यात, जिन्यावर, स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या वाटेवर लावलेला, सर्वांना माहीत असलेला कॅमेरा या मुभेत बसतो, आणि त्यात हयगय करणे हाच गुन्हा आहे. संस्थाचालकाने आपल्या मोबाइलवर वर्गातला आवाज ऐकत बसणे, शिक्षिका किती वेळ खुर्चीवर टेकली ते मोजणे, एका शिक्षकाला दुसऱ्यावर नजर ठेवायला लावणे, हे मात्र मनाईच्या बाजूला पडते. न कळवता दिलेली भेट हेरगिरी होत नाही. फुल्यांनी सुचवलेला निरीक्षक दारातून येतो, नाव सांगतो आणि समोर बसतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. यंत्रमाग कामगाराच्या मुलाकडून किती फी घेणार, आणि घेतली नाही तर पगार कुठून देणार? ही अडचण खरी आहे. पण ती आली कशी ते पाहिले पाहिजे. मध्ययुगीन कैरोतल्या मदरशांच्या वक्फनाम्यांत, म्हणजे धर्मादाय दानपत्रांत, मुदर्रिसाला, म्हणजे मुख्य शिक्षकाला, किती, धडा पुन्हा समजावून सांगणाऱ्या त्याच्या सहायकाला, मुईदला, किती, हे आधीच लिहिलेले असे. इमारतीबरोबर शिकवणाऱ्याच्या उपजीविकेचीही तरतूद होई. आपल्याकडे दानशूर माणसे इमारतीला पैसे देतात, संगमरवराला देतात, नावाच्या पाटीला देतात. पगाराच्या निधीला देणारा विरळा. ज्या संस्थेला दहा शिक्षकांचा पगार वेळेवर देणे झेपत नाही तिने तिसरा मजला चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय आधाराचे सगळेच प्रकार पैशाचे नसतात. शिक्षकाची अनावश्यक कागदपत्रे कमी करणे, नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी अनुभवी सहकाऱ्याची जोड देणे, म्हणजे जुन्या मुईदाचीच भूमिका परत आणणे, टीईटीच्या तयारीसाठी रजा आणि पुस्तके देणे, या गोष्टी गरीब संस्थेलाही जमतात. महाराष्ट्रात १९९४ पासून साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याची योजना आहे आणि केंद्राची शिक्षण परिषद भरते. एका मोहल्ल्यातली पाच-सहा मकतबे महिन्यातून एकदा अशीच एकत्र बसली, एकाने आपण अरबी कायदा कसा शिकवतो ते दाखवले आणि बाकीच्यांनी पाहिले, तर त्याला खर्च चहाचा येतो.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून सहसा बोलला जात नाही, म्हणून मीच काढतो. उर्दू प्राथमिक शाळांत आणि मुलींच्या मकतबमध्ये शिकवणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. विश्वस्त मंडळांत मात्र त्या अपवादाने दिसतात. त्यामुळे ज्याने कधी वर्ग घेतला नाही असा पुरुष आलिमेच्या, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेल्या स्त्रीच्या, किंवा मुअल्लिमेच्या, म्हणजे शिक्षिकेच्या, शिकवण्यावर शेरा मारतो, आणि मर्यादेच्या नावाखाली तिचे म्हणणे तिच्या तोंडून ऐकलेही जात नाही. परंपरेत याला काही आधार नाही. प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांना लिहायला शिकवणाऱ्या शिफा बिंत अब्दुल्लाह होत्या. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मरवझिय्या यांच्याकडे सहीह बुखारी शिकायला बगदादच्या अल-खतीबसारखे नामवंत विद्वान बसले. स्त्रिया शिकवू शकतात तर स्त्रियांच्या अध्यापनाची देखरेखही अनुभवी स्त्रियांनी करावी, आणि मंडळात त्यांना मताचा अधिकार असावा. कुरआनने प्रेषितांनाही नरमाईने वागण्याची आणि सहकाऱ्यांचा सल्ला घेण्याची आज्ञा केली आहे; तिसऱ्या अध्यायातली ती आज्ञा उहुदच्या लढाईतील पराभवानंतरची आहे, म्हणजे सहकाऱ्यांच्या चुका ताज्या असताना दिलेली. सल्ला फक्त पुरुषांचा घ्यावा असे तिथे म्हटलेले नाही.

चौथा आक्षेप धर्मनिरपेक्ष मनाच्या वाचकाचा असेल, आणि डोंबिवलीतल्या माझ्या अनेक मराठी वाचकांचा तो असणार : शिक्षकाचे प्रश्न कायद्याने सोडवा, धर्म कशाला आणता? कायदा पुरता पोहोचत असता तर मी हा आक्षेप मान्य केला असता. वर दाखवल्याप्रमाणे तो पोहोचत नाही, आणि जिथे पोहोचतो तिथेही राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही करून ठेवलेली शिक्षिका न्यायाधिकरणाची पायरी चढत नाही. इतिहासात हिस्बाच्या, म्हणजे मुहतसिबाच्या देखरेखीच्या, नावाखाली लोकांच्या घरात घुसणारे अधिकारीही झाले, हे मी नाकारत नाही. म्हणूनच या पुस्तकात धर्माचा आधार शिक्षकाला बांधण्यापेक्षा विश्वस्ताला बांधण्यासाठी घेतला आहे. कुरआनच्या ८० व्या अध्यायात खुद्द प्रेषितांना, शिकायला आलेल्या अंध अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल टोकले आहे. सर्वोच्च शिक्षकालाही जिथे विचारणा होते, तिथे ट्रस्टचा अध्यक्ष प्रश्नाच्या वर राहू शकत नाही. या युक्तिवादात धर्म काढून घटना आणि माणुसकी ठेवली तरी निष्कर्ष तोच निघेल. फुल्यांचे निवेदन त्याची साक्ष आहे.

पुढील प्रकरणांत नेमणूक, वर्गनिरीक्षण, तक्रार, प्रशिक्षण आणि निवृत्ती यांची चर्चा आहे. ती वाचण्याआधी मुंब्रा, ठाण्यातील राबोडी, भिवंडी आणि कल्याणच्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत शिक्षकांच्या कामगिरीचा विषय घेण्यापूर्वी पगारपत्रक टेबलावर ठेवा, मकतबच्या मौलवीसाहेबांचे आणि मुअल्लिमांचे मानधनही त्यात लिहा, थकलेली रक्कम मोठ्याने वाचा आणि ती कोणत्या तारखेला दिली जाईल हे इतिवृत्तात नोंदवा. वर्गनिरीक्षणाचा विषय त्यानंतर घ्या.